नवजात अर्भकांतील प्रतिजैविकरोधी रक्तसंसर्ग

नवजात अर्भकाच्या रक्तप्रवाहात सूक्ष्मजंतू शिरून वाढू लागले आणि ते नेहमीच्या प्रतिजैविक औषधांना दाद देईनासे झाले, म्हणजे उद्भवणाऱ्या गंभीर अवस्थेस ही संज्ञा लावतात. मातेची प्रतिपिंडे मुख्यतः गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत वारेतून गर्भाकडे जातात. त्यामुळे अकाली जन्मलेले अर्भक त्यांना बव्हंशी मुकते. शिवाय अतिदक्षता विभागातील शिरेतील नळी, श्वसनयंत्र इ. ज्या साधनांनी त्याचा जीव राखला जातो, तीच जंतूंची प्रवेशद्वारे ठरतात. लक्षणे फसवी असतात : ताप येण्याऐवजी अंग गार पडते, अर्भक दूध ओढत नाही, मलूल होते, मधूनच त्याचा श्वास थांबतो. रक्तसंवर्धनाचा निष्कर्ष मिळण्यास एक-दोन दिवस लागतात व तोवर थांबणे धोक्याचे असते. म्हणून औषध अंदाजानेच सुरू करावे लागते. प्रतिरोधाच्या वाढीस या अपरिहार्य अंदाजाचा मोठा हातभार लागला आहे.

पेनिसिलीनचे विघटन करणाऱ्या एंझाइमाचे वर्णन एब्रहॅम व चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे ते औषध सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वी, केले होते. त्याचा प्रत्यय प्रसूतिगृहांत लवकरच आला. १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील अर्भककक्षांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतूच्या पेनिसिलीनरोधी प्रकाराची साथ पसरली. सिडनी येथील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ फिलिस राउंट्री यांच्या संशोधनामुळे ‘८०/८१’ या क्रमांकाने तो ओळखला जाऊ लागला. कर्मचाऱ्यांच्या नाकात व हातांवर राहणारा हा जंतू अर्भकांबरोबर घरी जाई आणि मातांना स्तनगळू होत. ब्रिटन व अमेरिकेतील रुग्णालयांतही तो पोहोचला. मेथिसिलीन प्रचारात आल्यावर तो मागे हटला, परंतु मेथिसिलीनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये १९६१ मध्येच नोंदला गेला.

याच काळात संसर्ग होण्याआधीच प्रतिजैविके देण्याची प्रथा रूढ झाली. तिची किंमत अर्भकांना मोजावी लागली. न्यूयॉर्क येथे विल्यम सिल्व्हरमन व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखविले की, पेनिसिलीन व सल्फिसोक्साझोल दिलेल्या अकालजात अर्भकांत कावीळजन्य मेंदूविकाराने होणारे मृत्यू ऑक्सिटेट्रासायक्लीन दिलेल्यांपेक्षा अधिक होते. लॉस अँजेल्समधील १९५९ च्या अहवालानुसार प्रतिबंधासाठी क्लोरँफिनिकॉल मिळालेल्या अकालजात अर्भकांपैकी निम्म्याहून अधिक दगावली. औषध न दिलेल्या गटात मृत्यू पुष्कळच कमी होते. अपक्व यकृत हे औषध निष्प्रभ करू शकत नाही व अर्भक राखी रंगाचे होऊन कोसळते. दोन्ही प्रसंगी दोष उघड झाला तो तुलनेसाठी दुसरा गट ठेवल्यामुळेच. हेक्झॅक्लोरोफीनच्या स्नानाने स्टॅफिलोकॉकस आटोक्यात आला होता; पण ते द्रव्य त्वचेतून शोषले जाऊन मेंदूस इजा करते असे आढळल्याने १९७१ च्या अखेरीस अमेरिकेत त्याचा सरसकट वापर थांबविण्यास सांगण्यात आले.

पुढे क्लेब्सिएल्ला, सेरॅशिया यांसारखे ग्रॅम-ऋण जंतू पुढे आले. प्रतिरोध एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे सरळ जाऊ शकतो, हे जपानी संशोधकांनी १९५९ मध्येच दाखविले होते. १९६३ मध्ये उपलब्धी जाहीर झालेले जेंटामायसीन व नंतरची सेफॅलोस्पोरिने यांचा आधार काही वर्षे मिळाला. नेदर्लंड्समधील दोन अतिदक्षता विभागांत औषधांची निवड सहा महिन्यांनी आलटून-पालटून पाहण्यात आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ॲमॉक्सिसिलीन व सेफोटॅक्झिम वापरात असताना प्रतिरोधी जंतूंचा अर्भकांवरील शिरकाव, पेनिसिलीन व टोब्रामायसीनच्या मानाने सुमारे अठरापट आढळला. औषधाची निवड एका अर्भकापुरती नसते, साऱ्या कक्षाची असते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

कार्बापेनेम गटास निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे एंझाइम दिल्लीत उपचार घेतलेल्या रुग्णाच्या क्लेब्सिएल्लात सापडले व २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या नावावरून भारतात बराच वाद झाला. त्या मानाने मूळ प्रश्नाकडे कमी लक्ष गेले. दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११–१४ या काळात १३,५३० अर्भकांची पाहणी झाली. तीत १४.३ टक्के अर्भकांना जंतुसंसर्ग आढळला आणि सुमारे एक चतुर्थांश मृत्यू त्यामुळे घडले. सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के बहुऔषधरोधी होते. जवळजवळ दोन तृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांत झाले होते. पाठ्यपुस्तकांनुसार इतक्या लवकर होणारा संसर्ग मातेकडून येतो, पण येथे आढळले ते रुग्णालयी जंतू. म्हणजे प्रसूतिकक्षच संशयास्पद ठरतो. याउलट गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नोंदविलेल्या प्रयोगात गावातील आरोग्यसेविकांनी घरोघर काळजी घेऊन, जेंटामायसीन व को-ट्रायमोक्साझोल ही साधी औषधे वापरून नवजात मृत्युमान सुमारे ६२ टक्क्यांनी घटविले होते.

अकरा देशांतील १९ रुग्णालयांत २०१८–२० मध्ये झालेल्या ३,२०४ अर्भकांच्या पाहणीत क्लेब्सिएल्ला न्यूमोनिई हाच जंतू सर्वाधिक आढळला आणि दोनशेहून अधिक प्रकारची औषधमिश्रणे वापरात असल्याचे दिसले. नवी औषधे अर्भकांवर फार उशिरा पारखली जातात. त्यामुळे संशोधक जुन्या औषधांकडे वळले असून १९६९ मध्ये वर्णिलेल्या फॉस्फोमायसीनसारख्या औषधांच्या जोड्यांची चाचणी २०२४ मध्ये आफ्रिकेत सुरू झाली.