छायाचित्रांचे काडतूस

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, आणि तो दारूचा वास घेऊनच आला. इंग्रजी कार्ट्रिज त्याचाच भाऊबंद. फोटोफोन कंपनीने १९८० च्या दशकात ‘हॉट शॉट’ नावाचा जो कॅमेरा लोकप्रिय केला, तो असाच काडतुशी होता. काडतूस भरावे, नेम धरावा आणि जाहिरातीतला ‘खटॅक’ घडवावा, की काम झाले.

तत्पूर्वी पुष्कळ हौशी मंडळींच्या हाती बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री असे. त्याच्या रोळावर बारा चौरस चित्रे येत. मात्र रोळ भरणे हे एक लहानसे कर्मकांडच होते. सावलीत जावे, कागदाचे टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत सरळ बसवावे, तांबड्या खिडकीत आकडा दिसेपर्यंत फिरवीत राहावे. रोळ सैल सुटला, की चित्रांत उजेड शिरलाच म्हणून समजावे.

ही धास्ती कोडॅकने घालवली. १९६३ साली १२६ क्रमांकाचे आणि १९७२ साली त्याहून लहान, ११० क्रमांकाचे काडतूस काढून. हॉट शॉट या ११० चा. बंद डबीच्या एका कप्प्यातली फीत दुसऱ्यात जाई. ती उलटी गुंडाळावी लागत नसे. दर चित्रामागे फितीला एकच छिद्र. त्यात खिळी अडकली की फीत नेमकी थांबे. चूक करण्यास जागाच उरली नव्हती.

या सोयीचे मोल चित्राने चुकवले. फीत अवघी १६ मिलिमीटर रुंद, चित्र १३ बाय १७ मिलिमीटर. ३५ मिलिमीटर फितीवरील नेहमीच्या चित्राच्या जेमतेम चौथाई. क्लिक थ्रीची निगेटिव्ह कागदाला भिडवून, मुळीच न वाढवता छापली तरी चेहरे दिसत. ११० ची नखाएवढी निगेटिव्ह साडेतीन बाय पाच इंचांच्या कागदासाठी सुमारे सातपट वाढवावी लागे. त्यातून फीत सपाट धरण्याचे काम प्लास्टिकच्या डबीवर सोपवलेले! सहलीच्या चित्रात मागच्या रांगेतील माणसे मग अंदाजाने ओळखावी लागत. दोष छायाचित्रकाराच्या हाताला दिला जाई. चपटा, हलका कॅमेरा हले हे खरे, पण सारा दोष हाताचा नसे.

११० ची फीत दुर्मिळ झाली, तरी २०१२ पासून लोमोग्राफी कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. जुन्या निगेटिव्हांची अडचण निराळी आहे. त्या अरुंद पट्ट्या ३५ मिलिमीटरच्या साच्यात बसत नाहीत, म्हणून पुष्कळदा स्कॅन न होताच परत येतात. कागदावरचे रंग फिके पडलेल्या कित्येक घरांत मुंजीची वा बारशाची मूळ प्रतिमा आता तेवढ्या पट्टीवरच आहे. ११० चा साचा बाळगणारा कारागीर तेवढा शोधावा लागतो.