पिकाची मोजणी कॅमेऱ्यावर : कोरडवाहू वाण निवडायला स्वस्त साधनं कशी कामी येतात?

परळी वैजनाथ : पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानात प्रश्न एकच असतो, पावसानं तीन आठवडे ताण दिला तर हे वाण तग धरणार का? याचं उत्तर वाण तयार होत असतानाच शोधावं लागतं आणि त्यासाठी हजारो झाडं मोजावी लागतात. उंची, पानांचा पसारा, फुलोऱ्याचा दिवस, हिरवेपणा अशा गुणांच्या या मोजणीला शास्त्रज्ञ 'फिनोटायपिंग' म्हणतात.

घोडं अडतं ते इथंच. समजा 200 वाणं तपासायची, प्रत्येकाचे 3 वाफे, वाफ्यात 5 झाडं. झाली 3000 झाडं, तीही एका फेरीला. मोजपट्टी घेऊन माणसं शेवटच्या वाफ्यापर्यंत जाईतो पहिला वाफा वाढलेला असतो. पानाचं क्षेत्रफळ नेमकं काढायचं तर पान तोडावं लागतं, म्हणजे तेच पान पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजता येत नाही. मग बऱ्याचदा शेवटी उताराच बघितला जातो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी त्या उताऱ्यावरून ताण सोसणारं झाड कोणतं, ते कळत नाही.

काही गुण यंत्राशिवायही कळतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं 'बीडीएन-711' हे तुरीचं वाण साधारण 150 ते 155 दिवसांत येतं, त्यामुळे शेवटच्या पाणीटंचाईतून सुटतं. दिवस कुणालाही मोजता येतात. झाड रोज पाणी किती पितं, ते मात्र डोळ्याला दिसत नाही.

हैदराबादजवळ पटानचेरूच्या 'इक्रिसॅट' संस्थेत नेमकं हेच मोजतात. तिथं झाडं जागेवर राहतात आणि लेसर स्कॅनर त्यांच्यावरून फिरतो. पानांचा पसारा तो मोजतो, तर कुंडीखालचे वजनकाटे किती पाणी उडालं ते सांगतात. ज्वारी-बाजरीच्या काही वाणांबाबत यातून महत्त्वाची गोष्ट पुढं आली. दुपारच्या कोरड्या हवेत ही झाडं पाणी सोडणं आवरतात आणि वाचलेली ओल दाणा भरताना वापरतात. रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच पिकते, म्हणून आपल्याकडं या गुणाला मोल आहे. फुलोऱ्यानंतर पानं किती दिवस हिरवी राहतात, हेही असंच महत्त्वाचं. लवकर वाळणारं ताट खडखड्या रोगानं लोळण्याचा धोका जास्त.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत असं मोठं केंद्र 11 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झालं. त्याला नाव आहे नानाजी देशमुख यांचं, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीच्या माणसाचं. तिथं कुंड्या पट्ट्यावरून आपोआप कॅमेऱ्यांसमोर जातात. महाराष्ट्रात बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेतही अशी सोय आहे. पण ही यंत्रणा महागडी, आणि कुंडीतलं झाड म्हणजे काही मुरमाड रानातलं झाड नव्हे.

म्हणून स्वस्त साधनांकडं बघायला हवं. 'रास्पबेरी पाय' नावाचा तळहाताएवढा संगणक आणि छोटा कॅमेरा काही हजारांत मिळतो. तो ठरलेल्या वेळी आपोआप फोटो काढतो. फोटोतून पान आणि माती वेगळी करायला अमेरिकेतल्या डॅनफोर्थ केंद्रानं केलेलं 'प्लांटसीव्ही' हे सॉफ्टवेअर मोफत आहे. साध्या मोबाईलसाठी ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचं 'कॅनोपिओ' ॲप आहे. वरून फोटो काढला की जमिनीचा किती टक्के भाग हिरव्यानं झाकला, ते सांगतं. एवढ्या खर्चात संशोधन केंद्राबाहेर, गावोगावच्या चाचणी प्लॉटवरही मोजणी करता येईल.

भुलून मात्र जाऊ नये. कॅमेऱ्याला तण आणि पीक दोन्ही हिरवंच दिसतं, तेव्हा खुरपणी न झालेल्या वाफ्याचा आकडा फुगतो. उन्हातला आणि ढगातला फोटो वेगळा येतो. परळीकडं आणखी एक गोष्ट : पानांवर औष्णिक केंद्राच्या राखेची धूळ बसली असेल तर चांगलं पानही फिकट मोजलं जातं. मुळं तर फोटोत येतच नाहीत.

घरचं जुनं बी सांभाळणाऱ्यांनाही या मोजणीचा उपयोग आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते. त्यासाठी वाण इतरांपेक्षा वेगळं, एकसारखं आणि स्थिर आहे का, ते तपासलं जातं. तारखेसह ठेवलेले फोटो आणि नोंदी यामुळं अर्जाच्या वेळी वाणाचं वर्णन नेमकं देता येतं. फोटो पुरावा म्हणून पुरत नाही. अधिकृत तपासणी वेगळी होते.

दोन वाणं स्वतः ताडून बघायची असतील तर ती एकाच रानात, एकाच दिवशी पेरावीत. प्रत्येकाची जागा खुंटी ठोकून ठरवावी. दर आठ दिवसांनी, एकाच वेळी, तेवढ्याच उंचीवरून फोटो घ्यावा. सोबत तारीख, पाऊस आणि फुलोऱ्याचा दिवस वहीत लिहावा. ही वही अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येईल.