नक्षीचा चंबू आणि तोंडाला तोंड लावलेली मडकी

इतिहास म्हटला की आपल्याकडे किल्ले, तलवारी आणि लढाया. कोणाचा राजा जिंकला यावर आजही भांडणे होतात. मला मात्र जोर्व्याची भांडी जास्त बोलकी वाटतात.

संगमनेरजवळ प्रवराकाठच्या या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तिथे सापडलेल्या, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांना गावाचेच नाव मिळाले. चाकावर घडवलेली, टिचकी मारली तर खणकन वाजावीत इतकी पक्की भाजलेली. गंमत अशी, की नक्षी मिळाली ती जेवणापाण्याच्या भांड्यांना: तोटीचा चंबू, वाडगे, गोल मडकी. धान्याचे मोठे रांजण जाडेभरडे, हाताने घडवलेले. त्यांच्या अंगावर फार तर बोटांनी दाबलेली मातीची पट्टी.

घोड नदीकाठच्या इनामगावात (जिल्हा पुणे) डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदकाम केले. सांकलिया, ढवळीकर यांच्यासोबत झेड. डी. अन्सारी होते. हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. तिथे गावप्रमुखाच्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार निघाले. जमिनीत पेवे, वर कणग्यांसाठी गोल ओटे. पिकांत जव मुख्य. हा साठा गावातून जमा होत असावा, असे संशोधक मानतात.

मडक्यांचा आणखी एक उपयोग होता. मूल दगावले की राखाडी रंगाची दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यात ते लेकरू, आणि पुरत घराच्याच जमिनीखाली. शेजारी नक्षीचा चंबू, वाडगा. म्हणजे भूक-तहान लागेल ही काळजी. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले आढळतात. मेलेला परत येऊ नये ही भीती असावी. लेकराची कोणाला भीती?

डोके उत्तरेला. आपल्याकडच्या कबरीही उत्तर-दक्षिणच असतात, पण त्याचे कारण किब्ला. उगाच नाते जोडू नये.

इ.स.पू. १००० नंतर पाऊस कमी झाला. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांड्यांवरची नक्षी ओसरली. लेकरांना दोन मडक्यांत निजवण्याची रीत मात्र इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठेपर्यंत चालू होती.