घर बदलताना हरवलेले पुराण

घर बदलण्याचा प्रसंग आला की कपाटे, पलंग, भांडीकुंडी सारे काही नव्या जागी सुखरूप पोहोचते. हरवते ती रोज हाताशी असणारी एखादी लहानशी वस्तू : आजीची जपमाळ, वडिलांचे प्रार्थनापुस्तक, गीतांची जुनी वही. जड सामानाची यादी होते. रोजच्या वस्तूची नोंद कोणी करीत नाही, कारण ती हरवेल हे कोणाच्या मनातही येत नाही. कुटुंबाच्या बाबतीत जे घडते ते समाजाच्या बाबतीतही घडते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील आद्य महाकाव्याचा इतिहास याची साक्ष देतो.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. सासष्टीच्या लोकांमध्ये राहून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. मराठी लिपीचे खिळे उपलब्ध नसल्याने १६१६ साली ते रोमन लिपीत छापण्यात आले. त्यानंतर १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या निघाव्यात, यावरून लोकांना त्याची किती ओढ होती हे कळते. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही ओवी ऐकता येत होती आणि ऐकता ऐकता पाठ होत होती.

आज या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा ठावठिकाणा लागत नाही.

असे का व्हावे? १६८३ साली संभाजी महाराजांची गोव्यावर स्वारी झाली आणि बारदेश व सासष्टी यांना तिची झळ पोहोचली. पुढच्याच वर्षी, १६८४ साली, पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत सोडून द्यावा असे फर्मान काढले. ज्या भाषेत पुराण गायले जाई त्या भाषेलाच राजदरबारी थारा उरला नाही. स्वाऱ्या, दुष्काळ, करांचे ओझे आणि धर्मन्यायालयाची धास्ती यांमुळे सतराव्या-अठराव्या शतकांत अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी गोवा सोडून दक्षिणेला कानडा मुलखात बिऱ्हाड हलवले. एका पिढीचे नव्हे, अनेक पिढ्यांचे हे घर बदलणे होते.

परंतु निघताना त्यांनी एक गोष्ट विसरू दिली नाही. छापील पुस्तक मिळेनासे झाल्यावर लोकांनी पुराण हाताने उतरवून घेतले होते. ओवीमागून ओवी, अकरा हजार ओव्या! काही लेखकांनी छापील ग्रंथाच्या आरंभीची परवानगीपत्रेसुद्धा जशीच्या तशी नकलून ठेवली. छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी त्यांची माहिती आपल्याला मिळते ती अशा लेखणीमुळे.

१७८४ साली टिपू सुलतानाने कानड्यातील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. घरेदारे गेली, देवालये पाडली गेली. १७९९ साली टिपूच्या पाडावानंतर उरलेले लोक परतले. इतक्या उलथापालथीनंतरही त्या मुलखात पुराणाच्या हस्तलिखित पोथ्या शिल्लक राहिल्या आणि त्यांचेच पाठ ताडून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापले. मधे अडीचशे वर्षे लोटली होती.

याच ग्रंथाच्या दुसऱ्या एका पोथीची कहाणी मात्र निराळी आहे. विल्यम मार्सडन या इंग्रज विद्वानाच्या संग्रहात देवनागरी लिपीतील एक प्रत होती. १८३५ साली त्याने आपला ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. पुढे तो तेथील प्राच्यविद्या संस्थेत गेला. पोथीने दोनदा घर बदलले. तिला ना वाळवी लागली, ना आग लागली. पण तिला ओळखणारेच कोणी जवळ नव्हते. संतकवींचे इंग्रजी भाषांतरकार जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२३ साली तिची ओळख जगाला करून दिली. तीच मूळ संहिता असे त्यांचे मत होते. तिची भाषा अधिक संस्कृतप्रचुर असल्याने तो नंतरचा संस्कार असावा, असे इतर अभ्यासक मानतात. तो वाद विद्वानांचा आहे.

आपल्यासाठी या दोन पोथ्यांमधील फरक महत्त्वाचा आहे. एक पोथी सुरक्षित कपाटात राहूनही हरवल्यासारखीच होती. दुसरी धावपळीत आणि दारिद्र्यातही वाचली, कारण ती कोणाच्या तरी ओठांवर होती. जतन करणे म्हणजे केवळ कडीकुलपात ठेवणे नव्हे. जी वस्तू वापरात असते तिची उणीव पहिल्याच दिवशी जाणवते आणि तिचा शोधही त्याच दिवशी सुरू होतो.

आज आपल्या वाड्या-वस्त्यांतील जुनी घरे पाडली जात आहेत आणि कुटुंबे इमारतींत राहायला जात आहेत. माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या हातची गीतांची वही असेल, पाने सुटलेले प्रार्थनापुस्तक असेल. रद्दीवाला दारात येण्यापूर्वी ती पेटी एकदा उघडावी. वहीच्या पहिल्या पानावर ती कोणाची, कोणत्या गावची आणि कोणत्या सालची, हे लिहून ठेवावे. पुराण नकलून घेणाऱ्यांनी याहून फार वेगळे काही केले नव्हते. आणि मग ती वही परत पेटीत ठेवू नये. संध्याकाळच्या प्रार्थनेला मुलांच्या हाती द्यावी.