सावित्रीच्या वाटेने सायकलवर

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला सायकलवर टांग मारली की माझगावातून भाऊच्या धक्क्यावर पोचायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाचा हा धक्का. गिरणगावात राबणाऱ्या कोकण्याची मुंबई इथून सुरू होई आणि शिमगा-गणपतीला इथेच संपे. कोकणबोट बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. पण २०२० पासून मोटारी घेऊन मांडव्याला जाणारी मोठी बोट याच किनाऱ्यावरून सुटू लागली, आणि तीत सायकललाही जागा मिळते. तिच्यात सायकल चढवायची, अलिबाग-मुरूड-श्रीवर्धन करीत सावित्री नदीच्या मुखाशी जायचे, आणि तिथून खोऱ्याखोऱ्याने तिच्या उगमापर्यंत, म्हणजे थेट महाबळेश्वरापर्यंत चढायचे, असा हा चार दिवसांचा प्रवास. घामाची कथा थोडक्यात आटोपतो. वाटेची जरा सविस्तर सांगतो.

सायकलवरून लांब जाण्याचे वेड मुंबईला जुनेच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला म्हणून इथून निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश असे करीत १९२८ च्या मार्चमध्ये तिघे परत आले: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. गंमत अशी की, ही मंडळी वाळवंट तुडवीत होती त्या काळात मुंबईच्या दाराशी असलेल्या कोकणात जायचे तर माणूस आधी बोटीचे तिकीट काढी. चार-आठ मैलांवर एक खाडी आडवी येणार, प्रत्येक खाडीवर तर बोलवावी लागणार, आणि तरवाला भरतीची वाट पाहत विडी ओढीत बसणार! उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला नदी म्हणजे अडसर. पण तीच नदी समुद्राकडून घाटाकडे जाणाऱ्याला तयार रस्ता होती. सगळे खोरे असे आडवे नांदत होते, हे आजच्या महामार्गावरून जाणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. मोटार नदीवरून अर्ध्या मिनिटात पार होते. सायकलवाल्याला मात्र चढउतारांमुळे जुन्या वाटसरूच्याच चालीने जावे लागते, आणि मग पुष्कळ गोष्टी दिसू लागतात.

हरिहरेश्वराच्या दक्षिणेला बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडे वेसवीला उतरले की बाणकोट. टेकडीवर जांभ्या दगडाचा किल्ला आहे. आंग्र्यांकडून तो १७५५ साली गेला, आणि पुढच्याच वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने इंग्रजांच्या पदरात पडला. त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले. हे नाव राणीवरून पडले असे वाटणे साहजिक आहे. पण राणी व्हिक्टोरिया जन्मली १८१९ साली, तेव्हा तो हिशोब जमत नाही. पेशवाईनंतर दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे काही काळ इथेच होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हलले आणि बाणकोटचे महत्त्व ओसरले. इंग्रजाला या टेकडीचा मोह का पडला, हे वरून खाडीकडे पाहिले की समजते. जो इथे बसला त्याच्या डोळ्यांखालून महाडचा सगळा माल जाणार.

इथून पुढचा रस्ता सायकलस्वाराची परीक्षा पाहतो. नकाशात खाडी सरळ दिसते. रस्ता मात्र तिला सोडून मंडणगडाकडे डोंगर चढतो आणि म्हाप्रळला पुन्हा पाण्याशी येतो. चढ लहान, पण एकामागून एक. एक संपला म्हणून श्वास घ्यावा तो उतार, आणि उताराच्या पायथ्याशी पऱ्ह्या ओलांडला की लगेच दुसरा चढ. जांभ्याची तांबडी धूळ पायडलमध्ये जाऊन ते कुरकुरू लागते. म्हाप्रळहून आंबेतचा पूल ओलांडून टोळफाट्याला महामार्ग गाठायचा. मग थोड्याच अंतरावर दासगाव.

दासगाव हे एक साधे गाव. पण इथे सायकल टेकवून धक्क्याच्या बाजूला जरूर जावे. २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे दोनशेहून अधिक सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. महाडला जायचे होते. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले होते आणि त्यापायी त्यांच्या माणसांनी मार खाल्ला होता. आता दुसरी परिषद भरायची होती. जवळची वाट म्हणजे धरमतरला उतरून मोटारीने महाड. पण मोटारवाल्यांनी ऐन वेळी नकार दिला तर काय, ही शंका होती. म्हणून त्यांनी लांबची वाट धरली. रात्रीला हरिहरेश्वर, आणि दुसऱ्या दिवशी भरतीच्या पाण्यावरून खाडीने वर दुपारच्या सुमारास दासगाव. इथून महाड पाच मैल. कोणी वाहन दिले नाही तरी पायी जाता येईल, असा हिशोब. धक्क्यावर हजारोंचा समुदाय वाट पाहत होता, आणि मिरवणुकीने सगळे महाडला गेले. परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. त्याच २५ तारखेच्या रात्री तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरचा हक्क मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला.

मला या प्रवासातले सर्वांत मोलाचे ठिकाण दासगाव वाटते. रस्ता हा सर्वांचा असतो असे आपण सहज म्हणतो. पण रस्त्यावरची मोटार कोणाची तरी असते, आणि तो मालक मान फिरवू शकतो. खाडीला मान नव्हती. परळच्या दामोदर हॉलमध्ये ज्यांची कचेरी होती त्या माणसांनी तारखा आणि मैल मोजून ही बोट ठरवली. आज दासगाव ते महाड हे पाच मैल सायकलवर अर्ध्या तासाचे आहेत. ट्रकांच्या गर्दीत जीव मुठीत धरावा लागतो, तरीही मिरवणुकीला लागलेला वेळ पायांना कळतो.

महाडच्या अलीकडेच गांधारपाल्याची बौद्ध लेणी डोंगरात दिसतात. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीही व्यापारी आणि भिक्षू याच खोऱ्याने ये-जा करीत असले पाहिजेत. लेणी कोरायला दाते लागतात, आणि दाते जिथे माल उतरतो तिथे भेटतात. गांधारी नदी इथेच सावित्रीला मिळते. कोकणचे मीठ, नारळ, सुकी मासळी इथवर पडावांनी यायची, आणि पुढे बैलांचे तांडे ती घाटावर न्यायचे. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती १६५६ साली. या वाटांची नाडी हाती येणे हा त्यातला मोठा लाभ होता. पुढे बोरघाटाचा रस्ता झाला, १८६३ मध्ये तिथून आगगाडीही चढली, आणि देशावरचा माल थेट मुंबईला जाऊ लागला. महाडचा बाजार त्यानंतर पहिल्यासारखा राहिला नाही.

‘पद्मावती’च्या पुढच्याच वर्षी, १९२८ साली, महाडच्या दक्षिणेला सावित्रीवर दगडी कमानींचा पूल पुरा झाला. तो ८८ वर्षे उभा राहिला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पूर भरात असताना, तो कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एस.टी. गाड्या आणि काही मोटारी अंधारात पाण्यात गेल्या. मुंबईकडे निघालेली माणसे होती ती. आपल्याच लालबाग-परळ-भायखळ्याच्या घरांतून कोणी ना कोणी त्यांची वाट पाहत असणार. पुढचे कित्येक दिवस मृतदेहांचा शोध खाडीभर चालला, आणि काही तर थेट समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. ज्या अंतराला सायकलवर दीड दिवस लागतो ते पाण्याने केव्हाच काटले होते. नवा पूल ५ जून २०१७ ला खुला झाला. चार वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महाड बुडाले, आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. हे खोरे देखणे आहे म्हणून सांगताना एवढेही सांगितले पाहिजे. थंडीत पुलावर थांबून खाली पाहिले तर दगडगोट्यांतून गुडघाभर पाणी वाहत असते, आणि याच पाण्याने तो पूल नेला यावर विश्वास बसत नाही.

पोलादपूरला शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. तिथे पाणी भरून घ्यावे, कारण पुढे आंबेनळी घाट. महाबळेश्वरापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर, आणि चढण हजार मीटरांहून जास्त. घाटरस्ता बेताच्या चढाचा बांधलेला आहे, पण तो संपत नाही. प्रतापगड दिसू लागतो, नाहीसा होतो, पुन्हा दुसऱ्या अंगाने दिसतो. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखान मरण पावला तो या गडाच्या पायथ्याशी. हत्ती, तोफा आणि फौज घेऊन तो या रानात उतरला कसा, हा प्रश्न वळणावळणावर धाप लागलेल्या माणसाला पुस्तक वाचणाऱ्यापेक्षा अधिक पडतो.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा यांच्या शेजारी सावित्रीचीही धार आहे. त्या तिघी पूर्वेला निघतात, ही पश्चिमेला कड्यावरून खाली जाते. तिथून जवळच ऑर्थर सीट. मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्ही मुलगी बाणकोटच्या खाडीत बुडाली, आणि तो या कड्यावर येऊन सावित्रीकडे पाहत बसे, असे सांगतात. कड्यावर उभे राहिले की खाली सावित्रीचे खोरे पसरलेले दिसते. परत जाताना पोलादपूरपर्यंत पायडल फारसे मारावे लागत नाही. ब्रेक मात्र निघण्यापूर्वी नीट तपासून घ्यावेत.