विल्यमसनचा वर्धक

१९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांच्या ध्वनिवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि हौशी मंडळी घरोघरी तो जोडू लागली. १५ वॅटला विकृती ०.१ टक्क्याहूनही कमी! या आकड्याची भुरळ आम्हांस समजते. निर्गमाचा अंश उलटवून आरंभाकडे परत धाडायचा, म्हणजे विकृती आपोआप खोडली जाते. विल्यमसन यांनी या फेऱ्यात निर्गम-ट्रान्स्फॉर्मरही घेतला. तिथेच खरी मेख होती. ट्रान्स्फॉर्मर महाग; काटकसर (मोह कोणाला नसतो?) नेमकी त्यातच होई. मग विकृती खोडणारा तोच फेरा वर्धकाला श्रवणातीत कंप्रतेवर आंदोलत ठेवी. कानाला ते उमगत नसे. ऑसिलोस्कोपवर दिसे, आणि तो फारच थोड्यांपाशी होता.