बदली न होणारा माणूस

ऑफिसात कोणी पेपर टाकले की सगळ्यात आधी एक शब्द ऐकू येतो. केटी. नॉलेज ट्रान्सफर. चार वर्षं ज्याच्या डोक्यात अख्खी सिस्टीम होती तो माणूस नोटीस पिरियडच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ती सगळी एका एक्सेल शीटमध्ये ओतणार आणि नवीन आलेला पोरगा ती वाचून शहाणा होणार, अशी मॅनेजर लोकांची गोड समजूत असते. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहितीये. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता काहीतरी पडतं आणि मग जुन्या माणसाला फोन - "अरे, तू असताना हे कसं करायचास?"

मागच्या शनिवारी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल वाचत बसलो होतो (म्हणजे आपला फुटबॉल, ज्याला ते सॉकर म्हणतात) तेव्हा हेच डोक्यात आलं. विषय होता तिकडच्या मिलिटरी अ‍ॅकॅडमींचे कोच. म्हणाल, शिवडीच्या माणसाला याच्याशी काय घेणंदेणं? मलाही तसंच वाटलं होतं. पण धागा ओढत गेलो तो हैदराबादमार्गे थेट कूपरेजवर आला, आणि तिथून हार्बर लाइन पकडून घरी :)

आधी अमेरिका. तिथली लष्कराची अ‍ॅकॅडमी वेस्ट पॉइंटला आणि नौदलाची अ‍ॅनापोलिसला. दोन्हीकडे चार वर्षांचा कोर्स. म्हणजे आज आलेला पोरगा चार वर्षांनी जाणार म्हणजे जाणार, आणि बाहेर पडल्यावर किमान पाच वर्षं सैन्यात नोकरी. त्यामुळे ज्याला प्रोफेशनल फुटबॉलर व्हायचंय तो सहसा इकडे फिरकत नाही. शिकवणारे अधिकारीही बदलीवर येणार आणि बदलीवर जाणार. आमच्या भाषेत, शंभर टक्के अ‍ॅट्रिशन, तेही गॅरंटीड. अशा ठिकाणी टीम बांधायची कशी?

उत्तर सोपं होतं. एक माणूस हलवायचा नाही. वेस्ट पॉइंटला जो पलोन १९४७ साली कोच झाला आणि सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा थांबला. सुमारे तीस वर्षं. दरम्यान कोरियाचं युद्ध झालं, व्हिएतनामचं झालं, आधी कॅडेट म्हणून खेळलेली पोरं कर्नल होऊन परत आली असतील, कोच तोच. अ‍ॅनापोलिसला ग्लेन वॉर्नर चाळीसच्या दशकापासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९ साली सुरू झाली. १९६३ च्या फायनलला वॉर्नरची टीम सेंट लुईसकडून ३-० हरली आणि पुढच्याच वर्षी मिशिगन स्टेटला १-० हरवून विजेती झाली. आज तिथल्या फुटबॉल मैदानाला वॉर्नरचं नाव आहे. पलोनला मात्र हे विजेतेपद एकदाही मिळालं नाही. तरी त्याला कोणी काढला नाही. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पुढे तिथेही काळ बदलला. डेव्ह ब्रँट नावाचा कोच मसाया कॉलेजला सहा विजेतेपदं मिळवून २००९ साली नेव्हीला आला आणि २०१६ ला पिट्सबर्गच्या व्यावसायिक क्लबात गेला. रसेल पेन २०१० पासून २०२० पर्यंत आर्मीला होता, मग नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. म्हणजे आपल्यासारखंच. सहा-सात-दहा वर्षं, मग पुढची ऑफर. त्यात गैर काही नाही, आम्ही कोणत्या तोंडाने बोलणार!

आता आपल्याकडे. मिलिटरी अ‍ॅकॅडमी म्हटली की आपल्याला खडकवासल्याची एनडीए आठवते. १९५५ सालापासून तिथे आहे. तीन वर्षं, सहा टर्म, रोजचे खेळ, स्क्वाड्रनविरुद्ध स्क्वाड्रन मॅचेस. पोरांना घडवणारे ड्रिलचे आणि पीटीचे उस्ताद. एनडीएतून गेलेला कुठलाही अधिकारी भेटू द्या, उस्तादांचा किस्सा सांगितल्याशिवाय सोडणार नाही. पण उस्तादही फौजी. तोही बदलीवर येतो नि बदलीवर जातो. अ‍ॅकॅडमीला अधिकारी घडवायचे आहेत, कप जिंकायचे नाहीत, त्यामुळे ते ठीकच आहे. पण अशा व्यवस्थेत पलोन किंवा वॉर्नर निपजायला जागा राहत नाही.

मग आपल्या वर्दीतल्या फुटबॉलमध्ये न हललेला माणूस कोण? तो लष्करात नव्हता, पोलिसांकडे होता. आणि स्वतः पोलीसही नव्हता, शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' सिनेमा (२०२४) बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात भारतीय संघाचा कोच रहीम दिसतो. मला मात्र त्यांची दुसरी नोकरी जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण तिचा निकाल मुंबईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

तो कसा, यासाठी थोडं मागे जाऊ. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला तो गोऱ्या पलटणींच्या करमणुकीसाठी. पहिला मानकरी वूस्टरशायर रेजिमेंट. पुढे कितीतरी वर्षं कपावर पलटणींचीच नावं कोरली जायची. पहिल्यांदा भारतीय टीम जिंकली ती १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स. म्हणजे सेहेचाळीस वर्षं लागली. आणि मग १९५० ला कूपरेजवर हैदराबाद सिटी पोलीस जिंकले. १९५१ ला परत तेच. ५२, ५३, ५४... सलग पाच वेळा! मधे दोन वर्षं दम खाल्ला आणि १९५७ ला पुन्हा. ऐन पन्नाशीत कूपरेजला मॅच बघायला जाणाऱ्या मुंबईकराने कप नेणारी टीम बहुतेक वेळा एकच पाहिली असणार.

ही टीम म्हणजे कोणी परदेशातून आणलेले खेळाडू नव्हते. पगारी पोलीस. नूर मोहम्मद, अझीझ, लईक वगैरे मंडळी. यात एक बारीक गोम आहे. नावातला 'सिटी' हा शब्द. पलटण आज अंबाल्याला तर दोन वर्षांनी शिलाँगला. शहर पोलिसाची बदली झाली तरी एका चौकीतून दुसऱ्या चौकीत, शहर तेच. त्यामुळे संध्याकाळी मैदानावर येणारी पोरं तीच आणि त्यांना शिकवणारा माणूसही तोच.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ चा. पदवी घेतली, शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला, हैदराबादेतल्या वेगवेगळ्या शाळांत शिकवलं. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव. म्हणजे शाळेतलं पोर, गल्लीतला क्लब आणि पोलिसांची टीम या तिन्ही ठिकाणी एकच माणूस. पोरगं दहा वर्षांचं असताना त्याच्या नजरेत भरायचं आणि वीस वर्षांचं झालं की टीममध्ये यायचं. शिकवण्याची पद्धतही मास्तरांचीच. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवायच्या, म्हणजे पासिंग सुधारतं. नुसत्या कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा, म्हणजे दोन्ही पाय चालायला लागतात. अशा गोष्टीचं फळ सहा महिन्यांत मिळत नाही. क्वार्टर्ली रिव्ह्यूला दाखवता येत नाही. त्याला आठ-दहा वर्षं द्यावी लागतात आणि ती देणारा कोणीतरी मागे उभा असावा लागतो.

भारतीय संघाचंही थोडंफार तसंच. १९५१ ला दिल्लीच्या एशियाडमध्ये सुवर्ण. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला युगोस्लाव्हियाकडून १०-१. दहा! आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. आज असा निकाल लागला असता तर कोचची हकालपट्टी विमान उतरायच्या आत झाली असती. पण १९५६ ला मेलबर्नला संघ पुन्हा रहीमसाहेबांकडेच होता आणि भारत चौथा आला. त्यात ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना ज्याने हॅटट्रिक केली तो नेव्हिल डिसोझा आपला मुंबईचा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. आणि मग १९६२, जकार्ता, फायनलला दक्षिण कोरियावर २-१. त्या दिवशी गोलमध्ये उभा होता पीटर थंगराज. तो घडला मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या टीममध्ये, तीच टीम जिने १९५५ आणि १९५८ चा ड्युरँड कप नेला. म्हणजे फौजेने खेळाडू दिले नाहीत असं अजिबात नाही. उलट १९६१ चा रोव्हर्सही सिकंदराबादच्या ईएमई सेंटरने, म्हणजे लष्करानेच जिंकला होता.

जकार्ताच्या वेळी रहीमसाहेबांना कॅन्सर होता. ११ जून १९६३ ला ते गेले. त्याच वर्षीचा रोव्हर्स आंध्र प्रदेश पोलिसांनी जिंकला (टीमचं नाव तोवर बदललं होतं). जुनं इंजिन बंद केल्यावरही गाडी थोडा वेळ चालते, तसं. पण नंतर हैदराबादचा दरारा ओसरत गेला तो गेलाच. केटी झाली नव्हती. होण्यासारखीही नव्हती म्हणा.

त्यांचा मुलगा सय्यद शाहीद हकीम. तो हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाला, सर्व्हिसेसकडून खेळला. १९६० च्या रोम ऑलिंपिकला तो भारतीय संघात होता आणि कोच वडील. एकही मॅच खेळायला मिळाली नाही. आपल्याकडे मुलाला टीममध्ये घुसवणाऱ्या बापांच्या गोष्टी खंडीभर, ही उलटी :) पुढे हकीम फिफाचे रेफरी झाले, कोच झाले, २०१७ ला ध्यानचंद पुरस्कार मिळाला, २०२१ ला वारले. आणि कोच म्हणून ते कुठे कुठे होते? तर त्यात एक नाव मुंबईचं, महिंद्रा अँड महिंद्रा. बापाने पोलिसांना घेऊन कूपरेज जिंकलं आणि पोरगा एअरफोर्सची वर्दी उतरवून मुंबईच्या कंपनीच्या टीमला शिकवायला आला.

कारण मुंबईत वर्दीची जागा कंपनीने घेतली होती. मिल, तेल कंपनी, रेल्वे, बँक, एअर इंडिया. खेळाडूला नोकरी द्यायची, सकाळी सही करून दुपारी मैदानावर सोडायचं. १९५८ चा रोव्हर्स कॅलटेक्सने घेतला, १९६५ चा मफतलालने. आपल्या गिरणगावाला हे सांगायला नको, कबड्डीच्या टीमा अशाच तर उभ्या राहिल्या. पण कंपनीला नफा-तोटा असतो, पोलीस खात्याला नसतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच गेल्या. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झाला नाही. महिंद्राची टीम डेरिक परेराच्या हाताखाली २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, तशी जिंकणारी मुंबईची पहिली. आणि २०१० साली कंपनीने टीम बंद केली. चार-पाच वर्षांपूर्वीचा चॅम्पियन, गुंडाळला.

शेवटचं उदाहरण ताजं आहे. खालिद जमील २००९ ते २०१६ मुंबई एफसीचा कोच होता. सात वर्षं. फार पैसा नसलेली टीम, कप नाही, पण दरवर्षी लीगमध्ये टिकून राहायची. २०१६ ला तो बाहेर पडला आणि मिझोरामच्या आयझॉलला गेला. पुढच्या सीझनला, २०१६-१७ ला, आयझॉल आय-लीग विजेते. आणि मुंबई एफसी? त्याच लीगमध्ये शेवटचे. २०१७ ला क्लबच बंद झाला. खालिद २०२५ ला भारताचा कोच झाला. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं. एकच माणूस तीस वर्षं बसला की जागा सडते, अशी उदाहरणंही प्रत्येकाच्या ऑफिसात असतील. पण टिकून राहणं हेही काम असतं आणि ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, एवढं तरी यातून कळतं.

हे सगळं लिहायचं कारण आमचे सर. गाडीअड्ड्याच्या बाजूला पोरांना फुटबॉल शिकवायचे. गोदीत नोकरी, पहिली पाळी करून चारच्या सुमाराला मैदानात हजर. फी वगैरे काही नाही. बॉल फाटला की स्वतःच शिवायचे. मंगळवारी उजव्या पायाला बंदी. चुकून उजवा लागला की मैदानाला दोन फेऱ्या. आम्ही वैतागायचो. ते रिटायर झाले आणि गावाला गेले. त्यांची जागा घेणारं कोणी नव्हतं, कारण ती 'जागा' अशी कधी नव्हतीच. ना पगार, ना हुद्दा, ना ऑर्डर.

आता आम्ही आयटीवाले शनिवारी रात्री दहा ते अकरा टर्फवर खेळतो. तासाचे पैसे भरून. लाइट झकास, गवत हिरवंगार (प्लॅस्टिकचं), पार्किंगची सोय. कंपाउंडला चिकटून खालच्या वस्तीतली पाच-सहा पोरं बघत उभी असतात. काल बॉल बाहेर गेला तेव्हा त्यातल्या एकाने तो डाव्या पायाने परत मारला. काय सरळ आला! त्याला कोणी शिकवलं नसणार. आणि शिकवणारही नाही, कारण अकरा वाजता आमचा स्लॉट संपला, पुढची टीम आत आली आणि आम्ही गाड्या काढून घरी गेलो.

मंगळवारची ती कल्पना सरांना कुठून सुचली होती, हे विचारायचं राहूनच गेलं. गावाचा फोन नंबर आईकडे असेल. आज करतोच.

असो. उद्या सोमवार.